घरची पाटी : शुद्धलेखनाच्या अभ्यासाचा एक घरगुती इतिहास

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर श्रुतलेखनाची वही उघडली, की आमच्या घरातले मराठीचे दोन प्राध्यापक एकाएकी निरुपयोगी ठरतात. पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञान शिकवणे वेगळे आणि ‘गरीब’ मधली दुसरी वेलांटी ‘गरिबाला’ लिहिताना पहिली का होते, हे तिसरीतल्या मुलीला पटवणे वेगळे. मागच्या वर्षी या वहीत एका शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ आले. शब्द होता ‘कवि’. मुलीचे म्हणणे असे, की आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकावर तो असाच छापलेला आहे. पुस्तक काढून पाहिले. छपाई स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली आणि मुखपृष्ठावर ठसठशीत ‘कवि’. मुलीचे खरे होते. वहीतली दुरुस्तीही खरी होती. “मग आजोबा चुकले का?” या तिच्या प्रश्नावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि “आधी जेवून घे” असे म्हणून वेळ मारून नेली.

पुढचे टिपण म्हणजे त्या टाळलेल्या उत्तराची उशिराने केलेली जुळवाजुळव आहे. मराठी लेखनाच्या नियमांचा इतिहास बहुधा व्याकरणकारांच्या आणि साहित्यसंस्थांच्या अंगाने सांगितला जातो. पण लेखनाचा पहिला धडा बऱ्याचदा घरात, कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून गिरवला गेला आहे. तो धडा कोणी कोणाला दिला आणि चूक झाली तेव्हा काय केले, या बाजूने तोच इतिहास पाहिला तर काय दिसते, एवढाच येथे प्रश्न आहे.

*

प्रथम शब्दांकडे पाहू. आरंभ करणे या अर्थी आपण ‘श्रीगणेशा करणे’ म्हणतो, ‘ओनामा’ म्हणतो. अनुकरणाला ‘कित्ता गिरवणे’ म्हणतो. हे सारे शब्द पंतोजीच्या शाळेतून आलेले आहेत. लाकडी फळ्यावर धूळ पसरून तीत काडीने काढलेली ती धुळाक्षरे. पुढे बोरू, शाई आणि कित्ता. त्याच्या जोडीला पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी यांची घोकंपट्टी. अक्षरांच्या आरंभी म्हणावयाचे ‘ॐ नमः सिद्धम्’ मुलांच्या तोंडी ‘ओनामासीधं’ झाले आणि त्यातून ‘ओनामा’ हा शब्द मराठीत कायमचा रुजला. म्हणजे मराठी मुलाच्या अक्षरशिक्षणाची पहिलीच पायरी एका अपभ्रंशाची आहे, आणि त्या अपभ्रंशाला कोशात मानाची जागा मिळाली आहे. चुकीच्या उच्चाराबद्दल किती मुलांच्या पाठीवर छडी उतरली असेल कोण जाणे. पण शेवटी भाषेने मुलांचाच उच्चार स्वीकारला.

‘शुद्धलेखन’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. आमच्या लहानपणी ‘रोज एक पान शुद्धलेखन’ याचा अर्थ पुस्तकातला उतारा वळणदार अक्षरात उतरवून काढणे असा होता. नियमांचा त्यात फारसा संबंध नसे. डोळा, हात आणि धीर यांची ती कसरत होती. अक्षर चांगले असणे आणि लेखन नियमाला धरून असणे या दोन गोष्टी एकाच शब्दात राहतात, याचे कारण इतिहासात सापडते.

रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. शिकवण्याच्या दृष्टीने तो आजही वाचण्यासारखा आहे. अक्षर मोकळे व सरळ असावे, शाई काळीभोर असावी, ओळी सारख्या अंतराने चालाव्यात, मात्रा-वेलांट्या नेटक्या असाव्यात, तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही म्हणून मध्यम आकार धरावा, अशी ती सूचनावली आहे. येथे वेलांटीचा विचार आहे, पण तो प्रामुख्याने तिच्या वळणाचा. ग्रंथाची नक्कल करणाऱ्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी घ्यावी, ही त्यामागची दृष्टी आहे. लेखनातील दोष म्हणजे दुसऱ्याला वाचताना होणारा त्रास. ही व्याख्या आम्हांला आजच्या लाल वर्तुळापेक्षा अधिक माणुसकीची वाटते.

हे झाले बाळबोधीचे. व्यवहाराची लिपी मोडी होती. हिशेब, पत्रे, महजर, दप्तरे यांतले सारे जग मोडीत लिहिले गेले. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत, हात शक्यतो न उचलता पुढे जायचे. शब्द तोडण्याची पद्धत नाही, विरामचिन्हे नाहीत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की इकार व उकार यांच्या ऱ्हस्वदीर्घ भेदासाठी मोडीत सामान्यतः वेगळ्या खुणा वापरल्या जात नसत. एका वेलांटीवर आणि एका उकारावर काम भागे. पेशवे दप्तरातल्या एखाद्या निष्णात कारकुनाला आज तिसरीच्या श्रुतलेखनाला बसवले, तर त्याची वही लाल शाईने भरून जाईल. तरीही त्या लेखनावर राज्य चालले, खलिते पोचले, कर्जे फिटली. ऱ्हस्वदीर्घाचा भेद निरर्थक आहे असे यातून सिद्ध होत नाही; परंतु तो भेद म्हणजे मराठी लेखनाचा अनादि प्राण आहे ही समजूत मात्र टिकत नाही.

*

मुद्रणाने चित्र पालटले. १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरहून निघाले, १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. मुंबईत पाठ्यपुस्तके तयार होऊ लागली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी इसापच्या गोष्टी आणि ‘बाळमित्र’ मुलांच्या हाती दिले. मेजर थॉमस कँडी यांच्या काटेकोर तपासणीतून क्रमिक पुस्तकांची भाषा गेली आणि विरामचिन्हे मराठीत स्थिरावली. छापील शब्द सर्वांना सारखा दिसतो. तो एकदा सर्वत्र सारखा दिसू लागला, की त्याहून वेगळे लिहिणे उठून दिसते आणि तपासनिसाला मोजता येते. वळणाचे शुद्धलेखन नियमाचे शुद्धलेखन होऊ लागले ते या काळात. कोशात शब्द कसा नोंदवायचा, तत्सम शब्दाचे मूळ रूप राखायचे की नाही, अनुच्चारित अनुस्वाराचे काय करायचे, हे निर्णय संस्कृत जाणणाऱ्या शास्त्रीमंडळींच्या आणि त्यांच्या साहाय्याने काम करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होते. मराठी बोलणाऱ्या बहुसंख्यांना त्यात मत नव्हते; त्यांतील बहुतेकांना अक्षरच नव्हते.

*

याच शतकात घरातल्या पाटीची गोष्ट सुरू होते. ती बरीचशी नवऱ्यांनी बायकांना शिकवल्याची गोष्ट आहे, आणि ‘बायका’ म्हणताना नऊ-अकरा वर्षांच्या मुली डोळ्यांपुढे आणल्या पाहिजेत. आपण ज्याला समाजसुधारणेचा अध्याय म्हणतो, तो वयाच्या हिशेबाने पाहिला तर घरी मुलाचा अभ्यास घेण्याचाच अध्याय आहे.

सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी अक्षरे शिकवली. पुढे त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि १८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. घरच्या पाटीचे सार्वजनिक शाळेत रूपांतर होण्याचे इतके थेट उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. शिकलेलीने पुढे शिकवावे, हा त्या शिकवणीचा हेतूच होता.

रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती तिशी ओलांडलेले. त्यांनी हाती पाटी दिली आणि शिकवणी सुरू झाली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात या शिकण्याचे तपशील आहेत. पण मनात राहतो तो शिकवणीपेक्षा तिच्या भोवतीचा ताण. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे शिकणे मान्य नव्हते. दिवसा टोमणे आणि रात्री धडा अशी दोन टोकांची ओढाताण त्या मुलीने वर्षानुवर्षे सोसली. न्यायमूर्तींची शिकवण शांत होती, चिकाटीची होती. तरी तिची किंमत दिवसभर घरात वावरणाऱ्या मुलीला मोजावी लागत होती. शिकवणाऱ्याला ती किंमत कितपत दिसत होती, हा प्रश्न ते पुस्तक वाचताना सतत येतो.

आणि आनंदीबाई जोशी. गोपाळरावांच्या हट्टामुळे मराठी मुलगी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहान वयात त्यांच्याकडून खाल्लेल्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. लाकडाचे तुकडे, फेकलेली पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमणे हा त्या घरात गुन्हा होता. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पूर्ण होण्याआधी, त्या गेल्या. शिक्षणाचे फळ एवढे मोठे असले की मारहाणीचा उल्लेख करणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. आनंदीबाईंना तसे वाटले नाही. ज्या लेखणीसाठी मार खाल्ला, त्याच लेखणीने त्यांनी तो मार लिहून ठेवला. घरच्या शिकवणीच्या इतिहासातला हा दस्तऐवज आम्हांला फार मोलाचा वाटतो, कारण एरवी हा इतिहास शिकवणाऱ्यांनीच सांगितलेला असतो.

चौथे नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. शाळेत न गेलेल्या, घरीच अक्षरओळख झालेल्या या बाईंनी आयुष्याच्या अखेरीस ‘स्मृतिचित्रे’ लिहिले. मराठी गद्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ते आज अग्रभागी असते. ग्रांथिक वळण त्यांच्या हाताला लागले नाही, आणि तेच त्यांच्या गद्याचे बळ ठरले. ज्याला आपण शिकवणीतली उणीव म्हणू, ती येथे बोलीचा जिवंतपणा राखून गेली.

*

चूक कोणाची दिसते, हा प्रश्न मात्र घरापुरता राहत नाही. १८७४ पासून निघू लागलेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची यथेच्छ टर उडवली. ‘गुलामगिरी’चा प्रतिवाद करावयाचा तर मुद्द्यांशी भिडावे लागते, व्याकरणाशी भिडणे सोपे असते. लाल शाईचा हा दुसरा उपयोग आहे. लिहिणाऱ्याचे म्हणणे ऐकू येण्याआधीच त्याला गप्प करण्याचा.

त्याच्या उलट बाजूला एक लहान मुलगी आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलीची वही जर प्रथम वेलांट्यांसाठी तपासली गेली असती आणि मग मजकुरासाठी, तर आपल्यापर्यंत काय पोचले असते? तिच्या शिक्षकांनी आधी मजकूर वाचला, असे आम्ही मानतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली आणि अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध दोन्ही वाचता-लिहिता येण्याचा आग्रह धरला, हेही येथे लक्षात घ्यावे. कुळाला सावकाराचा कागद वाचता यावा, ही त्यांची वाचनशिक्षणाची कसोटी होती.

*

आता ‘कवि’कडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी साने, गोडबोले व हातवळणे यांनी लेखनपद्धती उच्चाराला जवळ आणण्याची बाजू मांडली आणि टिळकांनी ‘केसरी’तून त्या वादात लेखमाला लिहिली. अनुच्चारित अनुस्वार ठेवावेत की काढावेत, हा त्यातला एक मोठा मुद्दा. वाद दीर्घकाळ चालू राहिला. १९६१ मध्ये पुणे, मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील साहित्यसंस्था मिळून मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्याने तयार केलेले १४ नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. आज शाळेत शिकवले जाणारे १८ नियम ते हेच. त्यांनी ‘नांव’, ‘पांच’, ‘केंस’ यांवरचे ठिपके पुसले. ‘तें’, ‘घरीं’, ‘त्यानें’ यांवरचेही पुसले. ‘कवि’, ‘गुरु’, ‘बुद्धि’ हे स्वतंत्र शब्द म्हणून लिहिताना ‘कवी’, ‘गुरू’, ‘बुद्धी’ झाले. समासात मात्र ‘कविराज’, ‘बुद्धिवैभव’ राहिले.

म्हणजे आजोबा चुकले नव्हते. त्यांचे पुस्तक छापले गेले तेव्हा ‘कवि’ हेच शुद्ध होते आणि ‘कवी’ लिहिणाऱ्या मुलाला तेव्हाच्या मास्तरांनी पट्टी मारली असती. दोन पिढ्यांच्या अंतराने एकाच शब्दासाठी उलटसुलट शिक्षा! नियम टाकाऊ आहेत असे यावरून कोणी म्हणू नये. छापील व्यवहाराला एकसारखेपणा लागतो, कोशात शब्द शोधता यावा लागतो, आणि १९६२ च्या नियमांनी लेखन निश्चितपणे सोपे केले. पण नियम हा करार आहे. तो नीतितत्त्व नव्हे. करार शिकवण्याची पद्धत वेगळी असते. त्यात ‘असे लिहायचे ठरले आहे’ म्हणता येते; ‘एवढेही कळत नाही का?’ म्हणता येत नाही.

या करारातील काही कलमे कानाला ऐकू येतात, काही येत नाहीत. घरी अभ्यास घेणाऱ्याने हा फरक ओळखणे अगत्याचे आहे. ‘किडा’, ‘विळी’, ‘पिसू’ म्हणून पाहा; शेवटचे अक्षर लांबते आणि आधीचे आखडते. ‘वीट’, ‘सून’, ‘गरीब’, ‘वकील’ म्हणून पाहा. अंत्य अक्षर अकारान्त असल्याने आधीची वेलांटी वा उकार आपोआप लांबतो. ‘चूल’ची ‘चुलीला’ होतानाही जीभच आखडते. येथे नियम मुलाच्या जिभेतून काढून दाखवता येतो. पण ‘गुण’ आणि ‘सून’ म्हणून पाहा. आपल्या तोंडी दोन्ही उकार सारखेच लांब येतात. तरी ‘गुण’ ऱ्हस्व, कारण तो तत्सम. ‘विष’, ‘मधुर’, ‘मंदिर’ यांचेही तेच. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते. मूल ‘गूण’ लिहिते तेव्हा त्याचा कान अचूक असतो. ते जसे ऐकते तसे लिहीत असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. आणि हे ठाऊक असणे ही बुद्धीची बाब नाही. घरात कोणते शब्द पूर्वीपासून वावरत आले, याची आहे. ज्या घरात पोथी होती त्या घरातल्या मुलाला ‘गुण’ पाहून पाठ असतो. ज्या घरात पहिलेच पुस्तक शाळेचे आहे, त्या मुलाला तो चुकूनच शिकावा लागतो. दोघांच्या वह्या एकाच शाईने तपासल्या जातात. आमच्या महाविद्यालयीन वर्गांतही हीच विभागणी आम्ही वर्षानुवर्षे पाहतो, आणि कबूल केले पाहिजे, की उत्तरपत्रिका तपासताना अनेकदा वेलांट्यांवरून विद्यार्थ्याच्या आकलनाविषयी मत बनवून मोकळे होतो.

*

शिकवण्याची दुसरी वाटही मराठीत घालून दिलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच अंगणात, कुरणात नेली. साधने विकत आणलेली नव्हती. दगड, पाने, बिया, शिंपले. ज्या मुलांच्या घरची बोली पुस्तकातली नव्हती, त्यांच्याबाबतीत ‘आधी शुद्ध, मग बोल’ असे म्हणून चालणारच नव्हते. आधी बोलणे, मग त्या बोलण्याला अक्षर, मग सावकाश अक्षराला वळण, हा क्रम तेथे अपरिहार्य होता. आम्हांला वाटते, तो सर्वच मुलांच्या बाबतीत योग्य आहे.

लेखनाची घडण अजून थांबलेली नाही. शासनाने २००९ साली वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवणारा निर्णय काढला, २०२२ साली तो अद्ययावत केला. आमच्या मुलीच्या ‘श’ आणि ‘ल’ची वळणे तिच्या नातवंडांना कदाचित जुनाट वाटतील.

त्या दिवशी टाळलेले उत्तर आम्ही काही आठवड्यांनी दिले. आजोबांचे पुस्तक, तिच्या पणजीचे एक जुने पत्र आणि शाळेचे पाठ्यपुस्तक टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पत्रातल्या ‘नांव’वरचा ठिपका तिने स्वतः शोधला, मग त्या पत्रातले सगळे ठिपके मोजण्याचा खेळ झाला. आता आमच्या घरी श्रुतलेखनाचा क्रम असा आहे : आधी तिने लिहिलेले तिनेच मोठ्याने वाचायचे. मग आम्ही तिने काय लिहिले आहे त्याबद्दल बोलायचे. त्यानंतर चुकलेल्या शब्दांचे दोन गट, ‘ऐकू येणारे’ आणि ‘पाठ करायचे’. दुसऱ्या गटातल्या शब्दाबद्दल रागवायचे नाही, असा आम्ही स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. हा नियम आमच्या हातून आठवड्यातून एकदा तरी मोडतो, आणि तेव्हा ती शांतपणे म्हणते, “आई, हा पाठ करायचा आहे, ऐकू येणारा नाही.”

कवी आता ती दीर्घ लिहिते. आजोबांच्या पुस्तकावरचा ऱ्हस्व मात्र दुरुस्त करायचा नाही, असे तिने आम्हांला बजावून ठेवले आहे.